घाट बंद होता तेव्हा

आमच्या खेड, जुन्नर, आंबेगावकडं बैलगाडा चढावर पळतो. त्या धावेलाच घाट म्हणायचं. गाड्याला चार बैल, पुढं घोडी. निमगावच्या खंडोबाच्या घाटात गाडा पळावा म्हणून माणसं वर्षभर बैलाला पोटच्या पोरावानी खाऊ घालत. बारी मात्र दहा-पंधरा सेकंदांत खलास!

2011 साली केंद्रानं खेळासाठी मनाई असलेल्या जनावरांत बैल घातला. 7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंदच केल्या. टोचणारे, शेपट्या पिरगाळणारे आमच्यात होतेच, ते नाकारून कसं चालेल? पण शिक्षा झाली खिलाराला. नांगर ट्रॅक्टरनं कधीच नेला होता. खोंड गोठ्यात टिकला तो घाटाच्या जोरावर. घाट गेला आणि बाजारात खोंडाला कुणी विचारीना. आमचाही एक मातीमोल गेला. कुणी नेला, ते म्हातारीनं विचारलं नाही.

2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, तोही कोर्टात अडकला. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं ती कायम केली. आता आधी कलेक्टरची परवानगी, आणि काठी-चाबूक बंद. बैल तरीही पळतोच की.