मधल्या वयाची मुलं

सिंधी लोकांबद्दल आमच्या बदलापुरात एक कौतुक कायम ऐकू येतं. फाळणीत त्यांचं सगळं गेलं, पण कुणापुढे हात पसरला नाही. लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली आणि दुकानं उभी केली. त्यात खोटं काही नाही. पण गोळ्या विकणारी ती मुलं केवढी होती आणि सकाळी अकरा वाजता ती वर्गात का नव्हती, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कापडवाल्याकडून. आमच्या घरातल्या लग्नांचे बस्ते त्यांच्याच दुकानात बांधले जात. सगळे त्यांना दादा म्हणत.

दादा हैदराबादचे, म्हणजे सिंधमधल्या. १९४७ साली ते तेरा वर्षांचे होते, इंग्रजी तिसरीत. पंधरा ऑगस्टनंतरही त्यांची शाळा चालू होती. फक्त दर सोमवारी हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नसे, आणि मास्तर न थांबता पुढचं नाव घेत. मग ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि ज्यांनी तग धरला होता त्यांचाही धीर सुटला. निघताना दादांनी पुस्तकं ट्रंकेत भरून घरीच ठेवली. परीक्षेच्या आत परत येऊ, असं वडील म्हणाले होते. कराचीहून बोट, मुंबईहून रेल्वे, आणि मग कल्याणचा कॅम्प.

हा कॅम्प इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधला होता. दोन हजारांवर बराकी, लांबच लांब हॉल. युद्ध संपल्यावर त्या ओस पडल्या आणि फाळणीनंतर निर्वासितांनी भरल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे उल्हासनगर या नव्या शहराची कोनशिला बसवली, तेव्हा दादांची शाळा सुटून दीड वर्ष झालं होतं. एका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं; मध्ये तरटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे. एका पडद्याआड कुणी पाढे म्हणू लागलं, की पलीकडची आजारी माणसं ओरडत.

त्याच महायुद्धाने आमच्या बाजूलाही काही मुलांची शाळा सोडवली होती. नेवाळी परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी तेव्हा विमानांच्या धावपट्टीसाठी घेतल्या गेल्या. त्या जमिनींसाठी जून २०१७ मध्येही लोक रस्त्यावर उतरले होते. माझी आजी त्याच भागातली. तिचा भाऊ लोकल बोर्डाच्या शाळेत शिकत होता. व्हर्नाक्युलर फायनल द्यायची आणि मास्तर व्हायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. शेत गेलं तसं घरात खाणारी तोंडं तेवढीच राहिली आणि धान्य आटलं. ज्या जमिनीत तो भात लावायचा, तिथेच रोजावर खडी वाहायला गेला. आजी हे सांगताना इंग्रजांना शिव्या देत नसे. “पोरगा हुशार होता,” एवढंच म्हणायची.

दादांकडेही हिशेब तोच. थोरला भाऊ सिंधमध्येच मॅट्रिक झालेला, त्याला कारकुनी मिळाली. धाकटा पाच वर्षांचा; कॅम्पात बराकीतली शाळा सुरू झाली तेव्हा त्याने जमिनीवर बसून पहिल्यापासून सुरुवात केली. मधले दोघं, दादा आणि त्यांची पंधरा वर्षांची बहीण, कुठेच बसले नाहीत. ती पापड लाटायची, दादा ते आणि पेपरमिंट घेऊन कल्याण-दादर करायचे. मला वाटतं, युद्ध आणि दंगली सगळ्या मुलांचं सारखं नुकसान करत नाहीत. लहानांना पुढे वेळ असतो, मोठ्यांच्या हातात सर्टिफिकेट असतं. बारा ते सोळा वयाची मुलं कमावण्याइतकी मोठी असतात, म्हणून घर त्यांनाच आधी उचलतं.

शिवाय लिपीची अडचण होती. दादा सिंधी वाचत ते अरबी वळणाच्या अक्षरांत. बहीण गुरुमुखी शिकलेली. आणि स्टेशनवरच्या पाट्या देवनागरीत. सिंधी मुलांना कुठल्या लिपीत शिकवायचं यावर मोठा वाद झाला. १९५० साली सरकारने देवनागरी ठरवली, पुढच्याच वर्षी दोन्ही लिप्यांना मुभा दिली. ज्या कराचीहून बोट सुटली, तिथली १८५५ सालची सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. दादा मात्र मराठी अक्षरं ठाकुर्ली, डोंबिवली, दिवा असं करत लोकलच्या दारातून शिकले.

निर्वासित शिक्षक हिंमतीचे होते, हे सांगायलाच हवं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत जय हिंद कॉलेज काढलं. प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ साली वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं केलं. पण तिथे पोचायला आधी मॅट्रिक व्हावं लागत होतं.

शाळा आजही अशाच बंद पडतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता घेतली आणि हजारो शिक्षकांनी त्या राजवटीखाली शिकवायला नकार दिला. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि शाळांच्या इमारतींत बेघर कुटुंबं राहू लागली. या बातम्यांत शाळा पुन्हा कधी उघडणार हे विचारलं जातं, आणि ते विचारायलाच हवं. मला त्या वेळी तेरा-चौदा वर्षांची मुलं दिसतात. शाळा उघडेल तेव्हा त्यांचं वय काय असेल, आणि तोवर घर कोण चालवत असेल?

उल्हासनगरात १९६१ साली तलरेजा कॉलेज आलं, १९६५ साली चांदीबाई. माझी आत्या बदलापूरहून लोकलने चांदीबाईला जायची. आमच्या भावकीतली ती पहिली पदवीधर. दादांचा धाकटा भाऊ तलरेजाला गेला. त्याची फी दादांनी दुकानाच्या गल्ल्यातून भरली, पदवी मिळाल्यावर साऱ्या बराकीत मिठाई वाटली.

मी एकदा त्यांना विचारलं, “दादा, तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“भावाचा राग नव्हता, बेटा,” ते म्हणाले. “पण गणितात मी त्याच्याहून हुशार होतो.”