तबकडीचे पाठभेद

जुन्या ग्रंथाच्या दोन प्रती शेजारी ठेवून ओळीगणिक पाठभेद टिपण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ग्रामोफोन तबकड्यांच्या नव्या आवृत्त्यांवरून रसिकांत चालणारे वाद परके वाटू नयेत. परिभाषा अर्थातच निराळी आहे. तेथे 'उबदार', 'कोरडा', 'मोकळा' अशी विशेषणे नादाला लावली जातात. पण सगळ्या वादाच्या तळाशी असलेला प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे : मूळ म्हणावे कशाला?

आम्हांला हा प्रश्न खऱ्या अर्थाने भिडला तो माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'मुळे. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर, एकेकाळी चर्च असलेल्या इमारतीत कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. तेथे 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 अशा दोन बैठकींत हे ध्वनिमुद्रण झाले व त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तबकडी बाजारात आली. पहिल्या आवृत्तीतल्या मुद्रणदोषांनी पाठचिकित्सकाला गुदगुल्याच व्हाव्यात. सॅक्सोफोनवादक ॲडर्ली यांच्या नावातले एक अक्षर वेष्टनावर गळाले होते आणि दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे आरंभीच्या प्रतींवर अदलाबदल होऊन छापली गेली होती. हे झाले डोळ्यांना दिसणारे अपपाठ. खरा अपपाठ कानांना ऐकू येणारा होता, आणि तो पुढची 33 वर्षे तसाच राहिला.

स्टुडिओत एकाच वेळी दोन टेपयंत्रे चालत. एकावर मुख्य फीत, दुसऱ्यावर राखीव. 2 मार्चच्या बैठकीत मुख्य यंत्र किंचित मंद गतीने फिरत होते. मंद गतीने भरलेली फीत नेमक्या गतीने वाजवली की संगीत जलद होते आणि सूर वर चढतो. त्यामुळे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना प्रत्यक्षात वाजल्या त्याहून किंचित चढ्या सुरात जगभर पोहोचल्या. एप्रिलमध्ये मुद्रित झालेली दुसरी बाजू मात्र बिनचूक. तबकडीबरोबर पियानो वाजवू पाहणाऱ्या कोणाचेही सूर पहिल्या बाजूशी जुळेनात, यात नवल नाही. 1992 मध्ये मार्क वाइल्डर या अभियंत्याने राखीव फितीवरून नवी आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कुठे हा दोष निघाला.

येथवर सारे सरळ आहे. शुद्ध पाठ मिळाला, अपपाठ टाकावा. आमचीही समजूत अशीच होती. मग एका रविवारी आम्ही तिघे जण एक जुनी, दोषयुक्त गतीची प्रत आणि एक अलीकडची, दुरुस्त गतीची प्रत घेऊन बसलो. चौथ्या मित्राने पडद्याआड तबकड्या बदलायच्या आणि आम्ही फक्त ऐकायचे. दोन्हींच्या आवाजाची पातळी आधी काळजीपूर्वक सारखी करून घेतली होती. ही खबरदारी क्षुल्लक नव्हे. किंचित मोठा वाजणारा ध्वनी कानाला हटकून अधिक सरस वाटतो, आणि नव्या आवृत्त्यांच्या स्तुतीचा बराचसा भाग एवढ्याच पायावर उभा असावा असा आम्हांला संशय आहे.

निकाल असा की 'सो व्हॉट'साठी आम्ही तिघांनीही जुनी प्रत निवडली. तिच्यातला नाद अधिक 'जिवंत' आहे, तुतारीला धार आहे, असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. बाजू उलटली आणि मत फिरले. जेथे दोन्ही प्रतींची गती एकच आहे, तेथे नवी प्रत स्वच्छ, खोल आणि निर्विवाद सरस ठरली. म्हणजे आम्ही ज्याला नादाचा जिवंतपणा म्हणत होतो तो नाद नव्हताच. ते मंद चाललेले यंत्र होते.

यावर आमच्यातल्या एकाने ज्ञानेश्वरीचा दाखला दिला. एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेली प्रत आणि राजवाड्यांनी 1909 मध्ये अधिक जुनी म्हणून प्रसिद्ध केलेली प्रत, यांत अधिक मूळ कोणती हा एक प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या कोणती मुखी रुळली हा दुसरा. तुलना ओढूनताणून आहे हे मान्य. एकनाथ शुद्ध करीत होते, टेपयंत्र बिघडले होते. तरीही 1959 ते 1992 या काळात ज्यांनी ही तबकडी ऐकली, घोटली, तिच्यावर लिहिले, त्यांच्यासाठी चढ्या सुरातली बाजू हाच 'काइंड ऑफ ब्लू' होता. वाद्यवृंदाने वाजवले ते मूळ, की श्रोत्यांनी ऐकले ते? ग्रहणाचा इतिहास लिहिणाऱ्याला जुनी प्रत टाकून देता येणार नाही.

आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांबाबत तर राखीव फितीचाही आधार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी '78'च्या म्हणवल्या जाणाऱ्या तबकड्या प्रत्यक्षात निरनिराळ्या गतींनी मुद्रित होत. त्या सरसकट 78 फेऱ्यांनी वाजवून लाँगप्लेवर उतरवल्या की गायकाची पट्टीच बदलते, आणि मग आपण त्या आवाजाच्या 'पातळपणा'वर भाष्य करीत बसतो.

कानाच्या साक्षीवर किती विसंबावे याचा धडा 2022 मध्ये साऱ्याच शौकिनांना मिळाला. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या आवृत्त्या थेट मूळ फितीवरून, अंकीय टप्पा न येता कोरल्या जातात अशी ग्राहकांची समजूत होती. त्या जुलैत फिनिक्स शहरातल्या एका तबकडी-विक्रेत्याने शंका जाहीर केली. पाठोपाठ कंपनीच्या अभियंत्यांनी 2011 पासून अंकीय टप्पा वापरात असल्याचे मान्य केले. प्रकरण न्यायालयात गेले. आम्हांला लक्षणीय वाटते ते असे की 'अंकीय ध्वनी ऐकताक्षणी ओळखू येतो' म्हणणाऱ्यांनीच दशकभर याच तबकड्या आदर्श म्हणून मिरवल्या होत्या. फसवणुकीची तक्रार रास्तच होती. पण तिच्यात कानाची फजितीही मिसळलेली होती.

याचा अर्थ सगळे फरक भ्रम आहेत असा नव्हे. काही भूमितीतच आहेत. लाँगप्ले मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेते. बाहेरच्या कडेशी सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर चर सरकतो, तर लेबलाजवळ जेमतेम 20. तेवढ्याच लांबीत अधिक कंपने कोंबावी लागतात आणि बारीक स्वर फाटू लागतात. हीच रचना दोन तबकड्यांवर पसरून 45 फेऱ्यांनी कोरली, तर हा त्रास बराच कमी होतो. मात्र त्यासाठी ऐकता ऐकता तीनदा उठावे लागते, आणि ज्या बाजूची सलगता रचनाकाराने योजली तिचे तुकडे होतात.

'फ्लॅमेंको स्केचेस' ही शेवटची रचना नेमकी याच अडचणीच्या जागी, लेबलाला खेटून आहे. त्या रविवारी आम्ही ती शेवटी ऐकली. पडदा बाजूला सारला होता, कोणती प्रत लागली आहे हे दिसत होते. जुन्या प्रतीत डेव्हिस यांच्या बंद तुतारीभोवती एक खरखरीत कड येते, नव्या प्रतीत ती नाही. आम्ही नवी प्रत निवडली. चौथा मित्र जुनी घेऊन घरी गेला.