सौम्य सेरेब्रल पाल्सी : ‘सौम्य’ म्हणून दुर्लक्ष नको

दहा महिन्यांचे बाळ प्रत्येक खेळणे डाव्याच हाताने उचलते. उजव्या हाताची मूठ बहुधा मिटलेलीच असते. घरातील मंडळी कौतुकाने म्हणतात, ‘आजोबांवर गेलाय, डावखुरा होणार!’ वास्तविक वर्षाच्या आतील मूल दोन्ही हात सारखेच वापरते. इतक्या लवकर एकाच हाताला प्राधान्य मिळत असेल, तर ते दुसऱ्या हाताच्या दुबळेपणाचे लक्षण असू शकते. सौम्य सेरेब्रल पाल्सी अनेकदा अशी कौतुकाआड लपून राहते.

नेमके काय होते?

गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत वाढत्या मेंदूला इजा झाल्यास हालचाल, शरीराचा तोल आणि स्नायूंचा ताण यांवरील नियंत्रण बिघडते. यालाच सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूचा पक्षाघात म्हणतात. साधारणपणे दर हजार जन्मांमागे २ ते ३ मुलांमध्ये ही अवस्था आढळते. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये तिचा संबंध अवघड प्रसूतीशी जोडला आणि तो समज दीर्घकाळ टिकला. प्रत्यक्षात प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे हे अनेक कारणांपैकी एक आहे. अकाली जन्म, कमी वजन, गर्भारपणातील संसर्ग, गर्भातच मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर हीदेखील कारणे असतात. त्यामुळे मातेने स्वतःला दोष देत राहणे योग्य नाही.

सौम्य कशाला म्हणायचे?

कॅनडातील संशोधकांनी १९९७ मध्ये मुलांच्या हालचालींच्या क्षमतेनुसार पाच स्तरांची वर्गवारी मांडली. पहिल्या स्तरावरील मूल चालते, धावते, कठडा न धरता जिना चढते. फक्त वेग, तोल आणि सफाई कमी असते. दुसऱ्या स्तरावरील मूलही चालते. मात्र जिन्यावर त्याला कठडा लागतो आणि खडबडीत रस्त्यावर किंवा लांबच्या अंतरावर त्रास होतो. सर्वसाधारणपणे या दोन स्तरांना सौम्य म्हटले जाते. अशा अनेक मुलांची बुद्धी सर्वसामान्य असते.

पालकांनी काय पाहावे?

आठ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे, चवड्यांवर चालणे, पाय ताठ वा एकमेकांवर येणे, शरीराची एक बाजू मागे राहणे ही लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. ‘याचे वडीलही उशिराच चालले’ म्हणून वाट पाहू नये. काही मुलांचा एमआरआय निर्दोष येतो. म्हणून अनुभवी डॉक्टरांनी केलेली तपासणी महत्त्वाची ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज भासल्यास त्यांना जिल्हा पातळीवरील उपचार केंद्राकडे पाठवले जाते.

उपचार

मेंदूला झालेली इजा वाढत नाही. तशीच ती भरूनही येत नाही. पण वाढत्या वयात हाडे झपाट्याने लांब होतात आणि ताठर स्नायू मागे पडतात. म्हणून पाचव्या वर्षी बरे चालणारे मूल बाराव्या वर्षी लंगडू लागू शकते. वाढीच्या काळात नियमित तपासणी हवी ती यासाठीच.

लहान वयात मेंदू नव्या वाटा शिकतो, त्यामुळे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. दुसऱ्याने हातपाय हलवून देण्यापेक्षा मुलाने स्वतः केलेल्या सरावाचा अधिक उपयोग होतो. बटण लावणे, चेंडू झेलणे, पोळीचा तुकडा मोडणे हाच त्याचा व्यायाम. एक बाजू दुबळी असल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चांगला हात काही काळ बांधून दुबळ्या हाताला कामाला लावतात. गरजेनुसार पायाला आधारपट्टी, प्लास्टर, बोट्युलिनम विषाची इंजेक्शने किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. ‘पूर्ण बरे करतो’ अशा जाहिरातींपासून मात्र दूर राहावे.

शाळेतील अडचण

सौम्य अवस्थेची खरी परीक्षा शाळेत होते. मूल अपंग ‘दिसत’ नाही. म्हणून त्याचे अक्षर खराब, ते आळशी, वेंधळे असे शिक्के बसतात. चालण्यालिहिण्यासाठी त्याला इतरांपेक्षा अधिक शक्ती खर्चावी लागते आणि दुपारपर्यंत ते थकून जाते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. शिक्षकांना पालकांनी आरंभीच विश्वासात घ्यावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि सौम्य अवस्थेतील मुले त्या रेषेखाली राहू शकतात. परंतु लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला आहे. आपल्या मुलासाठी अशी सोय मागताना पालकांनी संकोच बाळगू नये.