उलट्या आट्यांचे मर्म

१८६०च्या दशकात पॅरिसमधील सायकलींची पायडले पुढच्या चाकालाच असत. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ने साखळीची रचना रूढ केली, चौकटीच्या तळाशी आसाचे घर, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, स्थिरावले. परंतु क्रँक फिरताना उजवी वाटी विरुद्ध दिशेस सैल होऊ पाहते. म्हणून इंग्लिश पद्धतीत तिला उलटे आटे असतात. इटालियन पद्धतीत दोन्हीकडे सुलटेच, त्यामुळे ती फार घट्ट आवळावी लागते. परमुलखात अद्याप सायकलीवरून कचेरी गाठणाऱ्या आम्हां मंडळींनी हा भेद जाणावा. उलटे आटे सुलटे समजून वाटी बळाने बसविली, तर चौकटीचेच आटे चिरडतात. वाटी बाजारात मिळते. बिघडलेली चौकट सहजी सुधारत नाही.