वायूंचे नियम

वायूचे आकारमान, दाब, तापमान आणि रेणूंची संख्या यांचे परस्परसंबंध सांगणारे प्रायोगिक नियम. शाळेच्या प्रयोगशाळेत एक राशी स्थिर ठेवून दुसरी बदलतात. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या आकाशात ही सोय नसते. हैदराबादेतून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते महाकाय बलून वाऱ्याबरोबर या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागावरून जातात, आणि त्यांच्यातील हायड्रोजनचा दाब, तापमान व आकारमान एकाच वेळी बदलत असते. प्रस्तुत नोंदीत या बलूनना झुकते माप दिले आहे.

बॉइलचा नियम : तापमान स्थिर असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात असते. रॉबर्ट बॉइल याने वाकवलेल्या काचनळीत पारा ओतून केलेली मोजमापे १६६२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचे समकालीन टाउनली आणि पॉवर यांनाही या संबंधाची कल्पना होती. फ्रान्समध्ये हाच नियम मॅरिऑटच्या नावे शिकवतात.

चार्ल्सचा नियम : दाब स्थिर असताना आकारमान केवल (केल्विनमधील) तापमानाच्या सम प्रमाणात असते. झाक चार्ल्स याने १७८७ च्या सुमारास केलेले प्रयोग छापलेच नाहीत. गे-ल्युसॅक याने १८०२ मध्ये स्वतःचे निष्कर्ष प्रसिद्ध करताना त्याचा उल्लेख केला, म्हणून नाव टिकले. ० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यास १०० भाग वायूचे १३७.५ भाग होतात, असे गे-ल्युसॅकला आढळले. आजचा आकडा सुमारे १३६.६ आहे.

चार्ल्सची खरी कीर्ती बलूनची. २७ ऑगस्ट १७८३ रोजी त्याने पॅरिसहून हायड्रोजनचा पहिला बलून सोडला. लोखंडावर गंधकाम्ल ओतून वायू तयार केला होता. बलूनचे तोंड बंद होते. वर दाब घटताच वायू प्रसरण पावला आणि कापड फाटले. गोनेस गावात तो पडला, तेव्हा घाबरलेल्या शेतकऱ्यांनी हत्यारे घेऊन त्याच्यावर हल्ला चढवला. १ डिसेंबरला चार्ल्स स्वतः उडाला, त्या बलूनला मात्र खालून वायू सुटायला वाट ठेवलेली होती.

हैदराबादचे मोठे बलूनही खालून उघडेच असतात. त्यामुळे आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा राहतो आणि पातळ पॉलिथिलीनवर ताण येत नाही. जमिनीवर वायू फक्त वरच्या टोकाशी गोळा झालेला असतो, खालचे प्लॅस्टिक लोंबत राहते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला बलून अर्धवटच भरला असे वाटते. ४१ किमी उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे पावणेचारशेव्या भागाइतका उरतो. नुसत्या बॉइलच्या हिशेबाने आकारमान तितक्याच पटीने वाढले असते, पण तिथे थंडीही असते. चार्ल्सची वजावट केली की वाढ सुमारे तीनशे पट भरते. त्याआधी, सुमारे १७ किमीवर, तापमान उणे ८० अंशांच्या आसपास उतरते. तिथे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन फाटण्याचा धोका सर्वांत मोठा.

अ‍ॅव्होगाड्रोचा नियम : समान दाब व तापमानाला समान आकारमानात रेणूंची संख्या समान (१८११).

आंशिक दाबाचा नियम : वायूंच्या मिश्रणाचा एकूण दाब घटक वायूंच्या आंशिक दाबांच्या बेरजेइतका असतो (डाल्टन, १८०१).

मर्यादा : अतिशीत वा अतिदाबाखालील वायूंना हे नियम लागू पडत नाहीत. याचे ठळक उदाहरणही हैदराबादचेच. कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ मध्ये वरच्या वातावरणात सूक्ष्मजीव आहेत का, हे बलून पाठवून तपासण्यात आले. २००५ च्या बलूनचे आकारमान २ कोटी ६७ लाख घनफूट होते. त्याच्याखाली ४५९ किलोची उपकरणे होती. त्यांतील १६ निर्जंतुक, निर्वात पोलादी नळकांडी द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेली होती. निऑनचे तापमान उणे २४६ अंश. झडप उघडली की आत शिरलेली हवा आकसत नाही, सरळ गोठते. दाब वाढतच नाही आणि नळकांडे हवा ओढत राहते. नियम जिथे मोडतो तिथेच उपकरण चालते, ही या प्रयोगातली खरी गंमत. २० ते ४१ किमी उंचीवरील या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे सिद्ध झालेले नाही.

स्थानिक संदर्भ : बलून साधारणतः हिवाळ्यात आणि रात्री सोडतात. उपकरणे उतरण्याची शक्यता असलेल्या जिल्ह्यांत बीदर, कलबुर्गी, सोलापूर हे असतात.  जानेवारी २०२५ मध्ये बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी येथे एका घरावर असा बलून उतरला. गावकरी धास्तावले, इजा कोणालाही झाली नाही. रंगीत छत्रीला लटकलेली पेटी शेतात सापडल्यास ती उघडू वा हलवू नये, कारण काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. पेटीवरच्या पत्त्यावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. कळवणाऱ्यास संस्था बक्षीस देते. पेटीला हात लावल्यास ते मिळत नाही.