लंडनचा विद्यार्थी आणि दौलताबादचा हौद

'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. सगळे कळत असून काहीच माहीत नसल्याचे सोंग घ्यायचे, असा तिचा अर्थ. म्हणीतले पेडगाव भीमेकाठचे, श्रीगोंद्याकडचे, असे मानतात. आमचे पेडगाव परभणी जिल्ह्यातले, परभणी-मनमाड रेल्वेमार्गावरचे. पण वेड पांघरणारी माणसे आम्हीही पुष्कळ पाहिली आहेत. युरोपची सहल करून आलेल्या मंडळींचे अनुभव वाचताना त्यांची हटकून आठवण येते. लंडनचे रस्ते किती स्वच्छ, लोक रांगेत कसे उभे राहतात, कोणी कोणाला जात विचारत नाही! हे सगळे त्यांना तिथे दिसते. आपल्या गावात मात्र रस्ता कोण झाडतो, गटारात कोण उतरतो आणि पाण्याच्या टाकीपासून सर्वांत लांब वस्ती कोणाची, हे त्यांना दिसत नाही.

मध्यंतरी आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "दादा, बाबासाहेब लंडन फिरले असतील का हो? त्यांना ते शहर कसं वाटलं असेल?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आपल्या इतिहासात शोधावे लागते.

बाबासाहेब १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन, दोन्हीकडे त्यांनी नाव नोंदवले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात ते सांगतात की, परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच ती परत आली, कारण राहायचे कुठे, हा प्रश्न समोर उभा राहिला. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही सबबी सांगितल्या. लंडनमध्ये ज्याला खोली मिळाली होती, त्याला बडोद्यात गाडीच्या वेळेपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून वाचवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज, एवढ्या जोरावर. १९२१-२२ मध्ये त्यांचा मुक्काम १०, किंग हेन्रीज रोड या घरात होता. दिवस जात होते ब्रिटिश म्युझियम आणि इतर ग्रंथालयांत. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी. प्रबंधाचा विषय कोणता? रुपयाचा प्रश्न. राज्यकर्त्यांच्या राजधानीत बसून राज्यकर्त्यांच्याच चलन धोरणाचा हिशेब मांडणारा हा विद्यार्थी शहर बघून भारावून गेला नव्हता.

याचा पुरावा १९३० चा. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते पुन्हा त्याच शहरात होते. तिथे त्यांनी इंग्रजांचे गोडवे गायले नाहीत. तुमचे राज्य येण्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, तुमच्या राज्याने तरी तो हक्क मिळवून दिला का, असे त्यांनी विचारले. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

आता लंडनहून आपल्या मराठवाड्यात येऊ. साल १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीला जायचे ठरवले आणि बाबासाहेबांनी सोबत यायचे कबूल केले. मुख्य बेत वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचा, वाटेत दौलताबादचा किल्ला. तीसेक माणसे बस आणि मोटारींनी नाशिकहून येवल्यामार्गे निघाली. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आमच्या परभणीसारखाच. सहलीचा कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य पर्यटकाला आडगावी ज्या अडचणी येतात त्या टळाव्यात, म्हणून.

तरीही व्हायचे ते झालेच. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला लहान हौद होता. धुळीने माखलेल्या काहींनी तिथे हातपाय धुतले. थोड्याच वेळात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. अस्पृश्य माणूस मुसलमान झाला तर त्याला पाणी नाकाराल का, असे बाबासाहेबांनी विचारले, तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहता आला. पण कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला.

एवढीच गोष्ट उचलून कोणी एका धर्माकडे बोट दाखवत असेल, तर त्यानेही वेडच पांघरले आहे. त्याच पुस्तकात लहान भीमरावांना गाडीत बसवताना विटाळ मानणारा हिंदू गाडीवान आहे आणि बडोद्याचे काठीवाले पारशीही आहेत. जात सगळीकडे पाझरली आहे, हे त्या पुस्तकाचे सांगणे आहे. शीर्षकात 'व्हिसा' शब्द आहे. परदेशात जाताना व्हिसा लागतो. आपल्या माणसाला तो स्वतःच्या देशातच लागत होता.

मग लंडनहून बाबासाहेबांनी काय आणले? १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. दौलताबादचा तो हौद तिथून काही कोसांवर. जिथे पाण्यावर पहारा बसला, त्याच मुलखात त्यांनी मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी ज्ञानाचे दार उघडले. त्यांचे खरे प्रवासवर्णन वाचायचे असेल तर ते तिथे आहे.

किंग हेन्रीज रोडचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथल्या स्मारकाला काही शेजाऱ्यांनी आणि स्थानिक कौन्सिलने हरकत घेतली, २०२० मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे लंडन हा काही स्वर्ग नाही. जातीचे ओझे घेऊन गेलेले आपले देशबांधवही आज तिथे राहतात.

तेव्हा मित्रांनो, शाहू महाराजांच्याच नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर तुमच्यापैकी कोणी लंडनला गेलात, तर जरूर फिरा. ते घर पाहा, फोटो काढा, नदीकाठी बसा. फिरण्याचा आनंद हाही आपला हक्क आहे आणि तो पूर्वजांना नाकारला गेला होता. पण परत याल तेव्हा पेडगावचे पाणी, पेडगावची शाळा आणि पेडगावची वस्ती उघड्या डोळ्यांनी पाहा, आणि जे दिसेल ते बोला. वेड पांघरायला आपल्याकडे वेळ नाही.

जयभीम!