'अँग्लो-सॅक्सन' की 'जुनी इंग्रजी'? : एका संज्ञेचा इतिहास व वाद

इ.स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधील रोमन सत्ता मावळली आणि १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. या साडेसहाशे वर्षांत तेथे नांदलेल्या जर्मानिक भाषिक लोकांना व त्यांच्या भाषेला कोणते नाव द्यावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ नामकरणाचा वाटतो. परंतु याच प्रश्नावरून २०१९ मध्ये 'इंटरनॅशनल सोसायटी ऑफ अँग्लो-सॅक्सनिस्ट्स' या विद्वत्संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने राजीनामा दिला, आणि सभासदांच्या मतदानानंतर संस्थेने आपल्या नावातून 'अँग्लो-सॅक्सन' हा शब्द वगळला. १९७२ पासून केंब्रिजहून प्रसिद्ध होणाऱ्या 'अँग्लो-सॅक्सन इंग्लंड' या नियतकालिकाचे नावही २०२४ मध्ये बदलले. ही मंडळी ज्या शब्दावर भांडली, त्या शब्दाची जन्मकथा तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या लोकांची पहिली सुसंगत वंशकथा बीड या धर्मोपदेशकाने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या लॅटिन इतिहासग्रंथात आढळते. अँगल, सॅक्सन व ज्यूट अशा तीन समूहांचे आगमन त्याने वर्णिले आहे. मात्र ग्रंथाचे शीर्षक एकट्या अँगलांचे आहे. याचे एक कारण रोमच्या पत्रव्यवहारात सापडते. पोप ग्रेगरीने ६०१ मध्ये केंटच्या एथेलबर्टला लिहिलेल्या पत्रात त्यास 'अँगलांचा राजा' म्हणून संबोधले. बीडच्याच म्हणण्याप्रमाणे केंटचे लोक ज्यूट होते! रोमने सरसकट वापरलेले हे नाव चर्चमार्फत सर्वत्र रूढ झाले.

भाषेच्या बाबतीत विसंगती याहून ठळक आहे. आल्फ्रेड (राज्यकाल ८७१–८९९) हा पश्चिम सॅक्सनांचा राजा. तरीही तो स्वतःच्या भाषेला 'एंग्लिश' व आपल्या लोकांना 'अँगलकिन' म्हणतो. उलट त्याच्या दरबारातील वेल्श धर्मगुरू ॲसर ८९३ मध्ये लिहिलेल्या चरित्रात त्याच भाषेला 'सॅक्सन' म्हणतो. वेल्श भाषेत इंग्रजांना आजही 'सेसन', म्हणजे सॅक्सनच, म्हणतात. स्वतःने स्वतःला दिलेले नाव आणि शेजाऱ्याने दिलेले नाव यांतील हे अंतर पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहे.

मग जोडशब्द आला कोठून? आठव्या शतकात युरोप खंडावरील लेखकांना जर्मनीतील सॅक्सनांपासून ब्रिटनमधील सॅक्सन वेगळे दाखवावयाचे होते; त्या गरजेतून 'इंग्रज सॅक्सन' अशा अर्थाचा प्रयोग निघाला. 'अँग्लो-मराठा युद्ध' या संज्ञेतील जोडरेघ दोन प्रतिपक्षांना जोडते. इथे मात्र पहिले पद निव्वळ विशेषण होते. पुढे, ८८० नंतर मर्सियाचे अँगल आणि वेसेक्सचे सॅक्सन आल्फ्रेडच्या छत्राखाली आले, तेव्हा राजसनदांत 'अँग्लो-सॅक्सनांचा राजा' ही पदवी दिसू लागली. हा अर्थ राजकीय व नेमका होता. ९२७ मध्ये नॉर्थम्ब्रिया ताब्यात आल्यावर एथेलस्टनने 'इंग्रजांचा राजा' ही पदवी अंगीकारली आणि जोडशब्दाची मुख्य निकड संपली. जो शब्द जेमतेम अर्धशतक राजपदवी म्हणून विशेष प्रचारात होता, तो पुढे साडेसहा शतकांवर पांघरला गेला.

हे पांघरूण घातले ते सोळाव्या शतकानंतरच्या विद्वानांनी. जॉर्ज हिक्सचे १६८९ चे व्याकरण या परंपरेतील महत्त्वाचा टप्पा होय. एकोणिसाव्या शतकात शब्दाला वंशश्रेष्ठत्वाचा दर्प चढला. अमेरिकेत तर व्हर्जिनियामध्ये १९२२ साली 'अँग्लो-सॅक्सन क्लब' स्थापन झाले. त्यांच्या पुढाकाराने १९२४ चा वंशशुद्धीचा कायदा संमत झाला. आंतरवंशीय विवाहाला बंदी घालणारा हा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच रद्दबातल ठरविला. संज्ञा टाकून देऊ पाहणाऱ्यांचा आक्षेप या इतिहासावर उभा आहे, आणि तो हलका नाही. ब्रिटनमधील अनेक पुरातत्त्वज्ञांचे उत्तर असे की, तेथे हा शब्द मुख्यत्वे कालखंडवाचक आहे. रोमन व नॉर्मन यांच्या मधला थर, एवढेच त्यात अभिप्रेत असते.

भाषेपुरता हा वाद पुष्कळसा मिटला आहे. हेन्री स्वीटने १८७१ मध्येच 'जुनी इंग्रजी' या नावाचा आग्रह धरला, कारण त्यामुळे भाषेचे सातत्य स्पष्ट होते. गंमत अशी की, १८७६ च्या आपल्या पाठ्यपुस्तकाला त्यानेच 'अँग्लो-सॅक्सन रीडर' हे नाव दिले. टोरांटो येथे १९७० मध्ये सुरू झालेल्या कोशाने मात्र 'जुनी इंग्रजी' हेच नाव घेतले. लोकांच्या नावाबाबत इतकी सोय नाही. 'प्रारंभिक मध्ययुगीन इंग्लंड' हा सुचविलेला पर्यायही निर्दोष म्हणता येत नाही. सहाव्या शतकात इंग्लंड नावाचे राज्य नव्हते. देशाचे हे नाव लेखनात रुळले ते अकराव्या शतकाच्या आसपास. पर्यायाने एक कालविपर्यास जातो व दुसरा येतो. आल्फ्रेड ते एथेलस्टन या काळातील राज्यापुरता 'अँग्लो-सॅक्सन' शब्द राखणे आणि इतरत्र केंट, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया अशी त्या त्या राज्याची नावे घेणे अधिक काटेकोर ठरेल.

मराठी अध्यापनात आणखी एक अडचण आहे. 'अँग्लो-सॅक्सन वंश' असा प्रयोग मराठीत सहज केला जातो आणि 'वंश' शब्दाबरोबर रक्ताची कल्पना न कळत शिरते. बीडचा लॅटिन शब्द 'गेन्स' आणि आल्फ्रेडच्या 'अँगलकिन'मधील 'किन' हे दोन्ही संस्कृत 'जन' शब्दाचे सगोत्र आहेत. तिन्हींचे मूळ जननवाचक एकाच धातूत आहे. त्या धातूतही जन्माचा अर्थ आहेच, परंतु 'जन' शब्दाच्या मराठी वापरात तो मागे पडून समुदायाचा अर्थ पुढे आला आहे. 'अँगलकिन'साठी 'अँगलजन' हा प्रतिशब्द त्यामुळे मूळ शब्दाच्याही जवळचा आहे आणि एकोणिसाव्या शतकातील वंशकल्पनेपासून दूरही.